बूट काढून या

आधी पायातले बूट काढा. ते परत मिळणार नाहीत, म्हणून सांगतो. आपल्या भातखाचरातला चिखल बोटांतून गुदगुल्या करत सुटतो. हा तसा सोडत नाही. भरतीने हजारो वर्षं आणून टाकलेला हा गाळ निळसर काळा आहे, चिकट आहे, लोण्यासारखा गुळगुळीत आणि शिशासारखा जड आहे. पाय आत जाताना तो गप्प असतो. बाहेर काढताना एक ओला, ओशाळवाणा आवाज करतो आणि बूट ठेवून घेतो.

साल १४९९, ऑक्टोबर महिना, शनिवारची पहाट. तुम्ही उत्तर समुद्राच्या काठावर उभे आहात. दक्षिणेला एल्ब नदी, उत्तरेला आयडर, पश्चिमेला करडं, पुटपुटणारं पाणी. मधल्या या पट्ट्याचं नाव डिटमार्शन. आजच्या नकाशात तो जर्मनीच्या वरच्या भागात सापडेल. इथे राजा नाही, सरदार नाही, एखादी गढीसुद्धा दिसणार नाही. कागदोपत्री ब्रेमेनचा आर्चबिशप धनी आहे, पण तो लांब आहे आणि वाटेत चिखल आहे. कारभार चालतो तो इथल्या धर्मग्रामांचा. वसईकडे पॅरिशला धर्मग्राम म्हणतात. तोच शब्द इथे चपखल बसतो. एक चर्च, त्याच्या भोवतीची गावं, त्यांची शेतं, आणि मुख्य म्हणजे त्यांचा बांध, हे मिळून एक धर्मग्राम. अशा धर्मग्रामांची ही जूट आहे. राज्य वगैरे मोठा शब्द तूर्त वापरू नका. आत्ता तुम्हाला फक्त थंडी वाजते आहे.

वास आला? खारट, थोडा कुजका, थोडा गोड. ओहोटी लागली की समुद्र मैलभर मागे सरतो आणि उघडी पडलेली चिखलाची मैदानं श्वास सोडतात, त्याचा हा वास. कोकणात खाजणाच्या कडेला उभे राहिला असाल तर नाक लगेच ओळखेल. फरक एवढाच, की इथे खारफुटी नाही. झाडच नाही. नजर जाईल तिथवर सपाट, आणि त्या सपाटीवर मधूनमधून मातीचे उंचवटे, जणू कुणी जमिनीवर वाडगे पालथे घातलेत. हे उंचवटे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शेण, गाळ आणि माती टाकून रचले आहेत. पाणी आत आलं तरी घर कोरडं राहावं, म्हणून. त्यातलाच एक मोठा उंचवटा म्हणजे व्योर्डन. घरं, चर्च, सगळं त्यावर गोळा झालंय, पावसात छत्रीखाली माणसं गोळा होतात तसं.

व्योर्डनच्या जवळच्या एका घरात चला. आज पाहुणचार तिथेच.

दार केवढं मोठं आहे पाहा, गवताने भरलेली गाडी थेट आत जाईल असं. जातेच. आत पाऊल टाकताच पहिला धक्का उबेचा बसतो आणि दुसरा वासाचा. मधे लांबलचक मातीची ओसरी, दोन्ही बाजूंना गाई आणि घोडे आत तोंड करून उभे, आणि सर्वांत शेवटी, त्याच छपराखाली, माणसं. मधे भिंत नाही. गाय शिंकली तर आजीच्या पेजेत पडेल इतका शेजार. पलीकडे जमिनीवरच चूल पेटलेली आहे आणि या घराला धुराडं नाही. धूर निवांतपणे वर चढतो, तुळयांना टांगलेल्या डुकराच्या मांड्यांभोवती रेंगाळतो, त्यांना काळंतपकिरी करतो आणि छपराच्या शाकारणीतून वाट काढत बाहेर पडतो. जो बाहेर पडत नाही, तो तुमच्या डोळ्यांत जातो. खाली बसा. इथे उभं राहणं म्हणजे खोकणं.

जळण काय आहे, ओळखलंत का? शेणी. झाडं नसलेल्या या किनाऱ्यावर लाकूड परवडत नाही. वरच्या अंगाच्या दलदलीतून खणून आणलेलं पीट असतं, नाहीतर उन्हात वाळवलेलं शेण. हजारो कोस लांब येऊन चुलीशी बसलात आणि नाकाला पंढरपूरच्या वाटेवरचं एखादं घर भेटलं. डोळे पुसा. धुराने आलंय म्हणा.

कोपऱ्यातली म्हातारी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळते आणि पहिला प्रश्न टाकते.

“कुणाचं लेकरू तू?”

नाव सांगू नका. नाव तिने विचारलेलं नाही. “आजी, मी मुंबईहून आलोय” हे तर मुळीच सांगू नका. तिला कूळ हवंय. इथे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कुळाचा असतो: फोग्देमानन, वोल्डर्समानन अशी त्यांची नावं. या कुळांनी मिळून समुद्राकडून जमीन ओढून घेतली, मिळून बांध घातले, मिळून भांडणं केली. तुमच्या हातून कुणी मेलं तर भरपाई कूळ भरतं. तुम्ही मेलात तर भरपाई कूळ वसूल करतं. कूळ नसलेला माणूस म्हणजे पावती नसलेलं सामान. म्हातारी उत्तराची वाट पाहते, तुम्ही गप्प बसता, आणि ती मान हलवून तुमच्यापुढे लाकडी वाडग्यात ओटची पेज ठेवते. मधोमध लोण्याचं तळं. प्यायला पातळ बिअर. पाणी मागू नका. विहिरीचं पाणी खारं लागतं. उंचवट्यावरच्या तळ्यात पावसाचं पाणी साठवतात, पण त्यावर पहिला हक्क गुरांचा.

शेकोटीच्या पलीकडे घोंगडीखाली कुणीतरी कुडकुडतंय. घरचा धाकटा. दिवसाआड थंडी वाजून ताप चढतो, घाम येतो, उतरतो, परवा पुन्हा. तुम्हाला नाव माहीत आहे: हिवताप. या थंडगार देशात मलेरिया म्हटल्यावर चमकलात ना? चर आणि डबकी जिथे, तिथे डास. सुपीक जमिनीसाठी भरायचा हा एक हप्ता.

घरधन्याला आज हायड या गावी जायचंय. त्याच्या चुलतभावाचा खटला आहे आणि शपथेला माणसं हवीत. त्याच्या हातात माणसाच्या दुप्पट उंचीची एक काठी आहे, दुसरी तो तुमच्याकडे फेकतो. गाडीने का नाही जायचं? ऑक्टोबरातल्या पावसानंतर इथल्या वाटेवर गाडी चालत नाही, बुडते.

आता मजा. शेतांमधून सरळ रेषेत चर खणलेले आहेत, दर काही पावलांवर एक. त्यांतून पावसाचं पाणी वाहत वाहत बांधातल्या झडपांपर्यंत जातं, आणि ओहोटीला झडपा उघडल्या की समुद्रात. भरतीला बंद. दिवसातून दोनदा, बारा महिने. तुमच्या धन्याला या चरांचं काही वाटत नाही. काठी मधोमध रोवली, अंग झोकलं, आणि तो बगळ्यासारखा पलीकडे. तुमची पाळी. काठी रोवलीत, उडी घेतलीत, आणि नेमकी मधल्या मधे काठी सरळ उभी राहून थबकली. तुम्ही तिला मिठी मारून आकाश पाहताय. काठी सावकाश एका बाजूला कलते आहे.

पाणी फार खोल नाही. थंड मात्र आहे.

धनी हसत नाही, कारण तो तुम्हाला बाहेर ओढण्यात गुंतलाय. वर आल्यावर हसतो. त्याला हसू द्या. आणखी चार महिन्यांनी, १५०० सालच्या फेब्रुवारीत, डेन्मार्कचा राजा हान्स सुमारे बारा हजारांची फौज घेऊन याच मुलखावर येणार आहे. भाडोत्री ‘काळी फौज’, घोडदळ, तोफा, आणि लूट भरायला मागून गाड्यांची रांग. हे लोक झडपा उघडून समुद्र आत घेतील. हेमिंगस्टेटजवळच्या अरुंद वाटेवर घोडेस्वार चिखलात रुततील, आणि हातात काठ्या घेतलेले शेतकरी चरांवरून उड्या मारत त्यांच्या अंगावर येतील. हे त्याला आत्ता सांगू नका. आत्ता त्याला चुलतभावाची चिंता आहे.

डोक्यावरून रानहंसांचे थवे चाललेत, हजारोंनी, कुत्र्यांच्या टोळीसारखे भुंकत. दक्षिणेकडे, हवा स्वच्छ असेल तर, क्षितिजावर मेल्डॉर्फच्या विटांच्या चर्चची आकृती दिसेल. डिटमार्शनचं हे सगळ्यात जुनं आणि मानाचं चर्च. जाता जाता एक गंमत: याच मेल्डॉर्फमध्ये पुढे कार्स्टन नीबूर नावाचा एक सरकारी कारकून राहील आणि १८१५ साली तिथेच मरेल. तरुणपणी अरबस्तानच्या मोहिमेत सगळे सोबती एकेक करून तापाने गेले, हा एकटा उरला. त्या प्रवासात १७६३-६४ मध्ये तो मुंबईत होता, आणि घारापुरीची लेणी त्याने बारकाईने मोजून चितारली. निवृत्तीच्या वयात या सपाट, वाऱ्याने पिळलेल्या मुलखात बसून त्याला ती त्रिमूर्ती आठवत असेल का, हा विचार मला नेहमी पडतो. तो स्वतःही शेतकऱ्याच्या घरातला आणि अशाच दलदलीच्या किनाऱ्यावर वाढलेला होता. घारापुरीच्या धक्क्यावरच्या चिखलाने तो नक्कीच दचकला नसणार.

जमीन हळूहळू चढते. पायाखाली वाळू लागते, आणि अंगातून एक जडपणा उतरतो. हा वरचा, कोरडा भाग. हायड या नावाचाच अर्थ माळरान. आणि आता माळरानावर एकदम माणसंच माणसं.

चौक केवढा असावा? आजही मोजता येतो: ४.७ हेक्टर, म्हणजे साडेअकरा एकरांहून थोडा जास्तच. इतक्या मोठ्या चौकाच्या टोकाला कुठेही राजवाडा असायला हवा असं वाटतं ना? नाही. एका बाजूला सेंट युर्गेनचं चर्च, भोवती घरं, आणि मधे मोकळं आकाश. आज शनिवार, म्हणजे बाजारही आहे आणि सभाही. चरबी चढलेले बैल हिवाळ्याच्या तोंडावर विकायला आलेत, त्यांच्या अंगातून वाफ निघतेय. लोण्याच्या लाकडी टाक्या, खारवलेल्या मासळीची पिंपं, हॅम्बुर्गची बिअर, लोखंडी भांडी, लोकरीचं कापड. एक बाई पाय उचलायच्या आत तुमच्या हातात माशाचा तुकडा कोंबते आणि पैसे मागते. खिशात ल्युबेक शहराची नाणी असतील तर बरं. ओली लोकर, शेण, बिअरचा आंबूस दर्प, मासळी, आणि धुराने मुरलेल्या माणसांचा वास. इथे प्रत्येक जण आपल्या घराची चूल अंगावर घेऊन फिरतो. आता तुम्हीही.

कोबी शोधताय? डिटमार्शन म्हटलं की आज जर्मन माणसाला कोबी आठवतो, म्हणून विचारलं. तो यायला अजून जवळपास चारशे वर्षं आहेत. बटाटा तर अजून समुद्रापलीकडेच आहे. बार्ली घ्या, शेंगा घ्या, आणि पुढे सरका.

तिकडे, जिथे गर्दी थोडी शांत आहे, तिथे अठ्ठेचाळीस जण बसतात. १४४७ साली या मुलखाने आपला कायदा लिहून काढला, त्यांच्या रोजच्या बोलीत, लॅटिनमध्ये नव्हे, आणि वरच्या निवाड्यांसाठी हे अठ्ठेचाळीस नेमले. दर शनिवारी याच चौकात ते भेटतात. ‘शेतकऱ्यांचं प्रजासत्ताक’ असं पुढच्या काळात कुणीतरी या मुलखाला कौतुकाने म्हणेल, आणि तुमच्या डोळ्यांपुढे फाटक्या बंडीतला, पाय फुटलेला शेतकरी येईल. आता समोर पाहा. जाड लोकरी अंगरखे, फरच्या कडा, धान्याच्या व्यापारातून भरलेली पोटं. हे शेतकरी खरे, पण असे की ज्यांच्याकडे ल्युबेकचा व्यापारीसुद्धा टोपी काढून येतो. एकदा नेमले की मरेपर्यंत पद. म्हणजे मळेवाल्यांचं, बड्या घरांचं राज्य. तुमच्या यजमानाच्या गोठ्यात शेण काढणारा गडी या चौकात बैल धरून उभा राहतो, बोलत नाही. बोलणाऱ्यांत एकही बाई नाही. मला हे लोक आवडतात, पण त्यांना देव्हाऱ्यात बसवायची घाई करू नका.

खटला सुरू झाला. चुलतभावावर आळ असा, की शेजाऱ्याशी मारामारीत त्याने आधी हात उचलला. साक्षीदार? पुरावा? थांबा, तुम्ही फार पुढच्या काळातून आलात. इथे त्याच्या कुळातले डझनभर पुरुष एका ओळीत उभे राहतात आणि संतांची शपथ घेतात. काय घडलं ते त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. ते शपथ घेतात ती एवढीच, की या माणसाची शपथ स्वच्छ आहे. आपल्याकडच्या गोतसभेत बसलेला एखादा पाटील इथे आला असता तर पाच मिनिटांत रुळला असता. माणूस खरा की खोटा, हे त्याच्यामागे उभे राहणारे किती आणि कोण, यावरून ठरतं.

ओळीकडे नीट पाहा. सगळे सरळ समोर बघतायत. शेवटून तिसरा मात्र पायाकडे बघतोय. त्याला बहुधा खरं काय ते ठाऊक आहे. तोही हात वर करतो. न करून जाईल कुठे? उद्या बांध फुटला तर याच अकरा जणांना हाक मारायची आहे. एका जुटीत राहायचं भाडं असतं, आणि ते कधी कधी असं भरावं लागतं. या सामूहिक शपथा मोडून काढाव्यात असं म्हणणारेही या अठ्ठेचाळिसांतच निघतील. त्यांतला मातब्बर, इथल्याच लुंडन गावचा पेटर स्विन, १५३७ मध्ये त्यापायी जिवानिशी जाईल.

आणि हा चौक सोडण्याआधी एक गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही. पंचवीस वर्षांनी, १५२४ सालच्या अखेरीस, हाइनरिख नावाचा एक परका धर्मोपदेशक मेल्डॉर्फला येईल. तो नव्या मताचा, धर्मसुधारक ल्युथरच्या बाजूचा. दारू प्यालेला जमाव रात्री त्याला अंथरुणातून ओढेल, गोठलेल्या वाटेने अनवाणी हायडपर्यंत चालवेल आणि जाळेल. ज्या पायवाटा हे लोक बांधाकडे धावण्यासाठी जपतात, त्याच वाटांनी. त्याच्यामागे शपथेला उभं राहणारं कूळ इथे नसेल.

चला, निघू. धन्याचा चुलतभाऊ सुटला, सगळ्यांनी बिअर घेतली, तुम्हालाही पाजली. पण परतीच्या वाटेवर धनी बोलत नाही. तो सारखा मान वळवून गालाने वारा चाचपतोय. सकाळी वारा दक्षिणेकडून होता. आता तो पश्चिमेला फिरलाय, आणि फिरतोच आहे. वायव्येला गेला की समुद्राचं पाणी कोपऱ्यात रेटल्यासारखं या किनाऱ्यावर चढतं. त्यात रात्री उधाणाची भरती. रानहंस गप्प झालेत. चरांवरून तुम्ही आता बऱ्यापैकी उड्या मारताय, पण कौतुक करायला कुणाला सवड नाही.

व्योर्डनची घंटा वाजू लागते. प्रार्थनेची नव्हे, ती संथ असते. ही घाईची आहे.

बांधावर पोचता तेव्हा अंधार पडत आलाय आणि सगळा धर्मग्राम तिथे आहे. मगाशी चौकात टोपी सावरत बसलेला एक श्रीमंत मळेवाला गुडघाभर चिखलात आहे, त्याच्या शेजारी त्याचा गडी. बांध फार उंच नाही. कोकणातला खारभूमीचा बांध मोठा करून लांबवर ओढला तर असा दिसेल. प्रत्येक घराचा आपापला तुकडा ठरलेला. तुझी जमीन एवढी, तर बांध एवढा. तुकडा राखता येत नसेल तर त्या बांधात आपलं फावडं रोवायचं आणि जमीन सोडून चालतं व्हायचं. जो ते फावडं उपटेल, त्याची जमीन आणि त्याचा बांध. असा या सगळ्या किनाऱ्याचा रिवाज आहे. क्रूर वाटतो? पलीकडच्या अंगाला कान द्या. लाट धडकते तेव्हा पायाखालची माती कण्हल्यासारखी हलते. एकाचा तुकडा फुटला की सगळ्यांची शेतं खारी होतात, आणि एकदा खारं पाणी मुरलं की पुढची काही वर्षं त्यात धड काही उगवत नाही. शपथेवर निभावतं ते फक्त चौकात.

लोक हिरवळीचे ठोकळे कापतायत, गवतासकट, विटेसारखे. दोन दांड्यांच्या लाकडी पाटीवर रचायचे, दोघांनी पुढून-मागून उचलायचे, बांधावर चढायचं, रिकामं करायचं, पुन्हा खाली. पाऊस आडवा मारतोय. ओठांवर मीठ. कुणीतरी ओरडून काहीतरी सांगतंय आणि वारा ते तोंडातूनच पळवतोय. एका पाटीचं मागचं टोक मोकळं दिसतं. पुढच्या टोकाला सकाळची ती म्हातारी आहे. हो, तीच; घोंगडी कमरेला बांधून. तिचा धाकटा तापाने पडलाय ना, त्याच्या जागी ती आलीये.

तुम्ही दांडे धरता. ओझं हाताला ओढतं, पाय सरकतो. शेजारून फावडं घेऊन जाणारा एक दाढीवाला थांबतो, कंदील तुमच्या तोंडाशी धरतो आणि तोच प्रश्न विचारतो, जो तुम्ही दिवसभर चुकवत आलात.

“हा कुणाचा?”

म्हातारी वळूनही पाहत नाही.

“ते उद्या ठरवू,” ती म्हणते. “आधी उचल.”